डावीकडचा फोटो

३ फेब्रुवारी, सोमवार
आज रुजू झाले. इंदापूरहून एसटीत उभ्यानं आले, तरी मूड झकास. बारामतीत भांड्यांच्या दुकानाच्या वर मालनबाईंचं वधू-वर सूचक केंद्र आहे. त्यांच्या वेबसाइटचं काम आता माझ्याकडे. राहायला खोलीही मागच्याच गल्लीत मिळाली. मालनबाई निवृत्त शिक्षिका. मी जयभीम केला, तर त्यांनी आधी चहा, मग पोहे, मग पुन्हा चहा दिला. वेबसाइट मात्र अशी, की बघणाऱ्यानं लग्नाचा नादच सोडावा! गुलाबी पान, उडणारी फुलं, फोटोंत अर्धी डोकी कापलेली. ती जुनी टेम्प्लेट काढून नवी बसवायची आहे. दोन हजारांवर बायोडाटा आहेत, त्यात माझ्या धाकट्या बहिणीचा, साक्षीचाही. तिला सोळा तारखेला बघायला येणार आहेत. मुलगा खरंच चांगला आहे. तिचं एकदा नीट मार्गी लागलं, की मला आणखी काही नको.

५ फेब्रुवारी, बुधवार
आधी सगळ्याचा बॅकअप घेतला, मग नवी टेम्प्लेट चढवली. मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले, कपाळावर हात मारून घेतला. फॉन्ट बदलल्यावर जमलं. नव्या टेम्प्लेटमध्ये वरच एक चौकट आहे, 'अनुरूप जोडी' नावाची. वय, उंची, शिक्षण, अपेक्षा बघून ती आपोआप दोन फोटो शेजारी आणते. आज डावीकडे भिगवणचा धम्मदीप आला, उजवीकडे माळेगावची मनिषा. मालनबाई खुर्ची ओढून बघतच बसल्या. जाताना त्यांनी माझ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून दिली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
धम्मदीप डावीकडून हलत नाही. पान कितीदा लोड केलं तरी तोच. मालनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अगं बया, त्यो तर गेला की! चार वर्षं झाली, धरणाच्या पाण्यात बुडला. मग बायोडाटा अजून कसा, असं विचारलं. तर म्हणाल्या, लगीन जमलं की लोक पेढे घेऊन येत्यात, नाव काढा म्हणत्यात. माणूस गेल्यावर वधू-वर केंद्राला कोण फोन करतंय? खरंच आहे. रजिस्टरमध्ये तसा रकानाच नाही. मी त्याचं नाव काढून टाकलं. वाईट वाटलं, फोटोत छान हसत होता.

१० फेब्रुवारी, सोमवार
मनिषाच्या चुलत्यांचा फोन आला. नाव काढा म्हणाले. मी सवयीनं अभिनंदन म्हणाले.
ते म्हणाले, पोरगी गेली ताई. परवा दुपारी, झोपल्या जागी. छातीत पाणी झालं हुतं म्हणं.
शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली. नाव काढलं.
चौकटीत धम्मदीप परत आला आहे. उजवीकडे आता बारामतीची संजीवनी.

१२ फेब्रुवारी, बुधवार
संजीवनीच्या घरून फोन. या वेळी अभिनंदन म्हणाले नाही. तिच्याही छातीत पाणी.
जुनी टेम्प्लेट परत चढवली. गुलाबी पान आलं, फुलं आली, आणि मधोमध तीच चौकट. वेबसाइटच बंद केली, तरी दिसते.
मला भीती वाटायला हवी. वाटत नाही. हात गार आहेत, बोटं काम करतात. डबाही खाल्ला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
उजवीकडे साक्षी.
तिचा बायोडाटा काढला. फोटो राहिला.
घरी फोन केला. आई म्हणाली, जरा खोकला हाय. न्हाऊन दोन तास उन्हात बसली, तरी केस वाळंनात. परवा पाहुणे येणार आन् हिचं हे असं.
मालनबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पोरी, आधी जेव.

१५ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ
साक्षीला दवाखान्यात नेलंय. श्वास घेताना घरघर होते म्हणे. मी तिकडे जाऊन काय करणार? जे करायचं ते इथंच —
चौकट एकच गोष्ट ऐकते. जास्त जुळणारं स्थळ आलं, तरच आधीचं जिवंतपणी हलतं. बॅकअपमध्ये धम्मदीपच्या अपेक्षा वाचल्या. नोकरी करणारी. समजूतदार. भिगवणला राहायला तयार.
माझा बायोडाटा मी कधी भरूच दिला नव्हता. आई सांगून सांगून थकली.
आज भरला. वय खरं. उंची खरी. भिगवणला राहायला तयार — हो.
सेव्ह केलं. साक्षीचा फोटो गेला.

दुपार
आईचा फोन. साक्षी उठून बसली — भाकरी मागतीय म्हणाली. मला हसू आलं.
मग आई रडायला लागली. आनंदानं. वेबसाइटवर माझा फोटो बघितला म्हणे. शेजारच्या फोटोतला पोरगाबी देखणा हाय. एवढी वर्सं वाट बघितली गं — एकाच मांडवात दोघींचं उरकू —
मी व्हय म्हणाले.
तोंडात सारखं पाणी येतंय. थुंकलं तरी — गढूळ —
आईला एक सांगायचं राहिलं. साक्षीचं लगेच उरकून घ्या. माझ्यासाठी थांबू नका, मी —