गोदामातल्या माणसाची पत्रं

सांगली
रविवार, २४ नोव्हेंबर १९७४

सौ. चंद्रास आकारामचे आशीर्वाद.

तुझ्या आईंना नमस्कार सांग. त्यांचे गुडघे थंडीत जास्त धरतात, तेव्हा आडावर त्यांना पाठवू नकोस. मी बरा आहे. इथं आता सकाळी नदीवरून धुकं येतं आणि कारखान्याची चिमणी नऊ वाजेपर्यंत दिसत नाही. तुळशीला पाणी घालतो. एका माणसाच्या भाकरीचा अंदाज अजून येत नाही, दोन वेळा पीठ जास्त मळलं गेलं.

कामाचं विशेष काही नाही. सध्या मी रिकाम्या डब्यांच्या गोदामात असतो. काम हलकं आहे, सावलीत आहे. ग्यास प्लान्ट आता सयाजी बघतो. पोरगा हुशार आहे.

तू माहेरी जाताना म्हणालीस, "आवं, सगळा कारखाना येडा आनि तुमी एकटंच शाणं?" तेव्हा तू पिशवी भरत होतीस आणि कृष्णात दारात उभा होता. आपल्या भावाचं काम नवऱ्यामुळं गेलं, तर कुठली बहीण गप्प बसेल? नळावर बायका तुला "तुझ्या नवऱ्यानं आमची दिवाळी बुडीवली" म्हणत होत्या, हेही मला ठाऊक आहे. तू सांगितलं नाहीस, शेजारच्या अंबूबाईंनी सांगितलं.

पण त्या दिवशी काय झालं ते मी तुला कधी धड सांगितलंच नाही. आपल्याकडं तेलाचं वनस्पती तूप होतं ते हायड्रोजन ग्यासमुळं. तो आम्ही पाण्यात वीज सोडून काढतो. एका बाजूनं हायड्रोजन निघतो, दुसऱ्या बाजूनं प्राणवायू. मध्ये जाड कापडाचा पडदा असतो. तो फाटला आणि दोन्ही एकमेकांत मिसळले, की एक ठिणगी पुरते. मग प्लान्टही राहत नाही आणि शेजारचं डबे भरायचं खातंही. कृष्णात त्याच खात्यात होता. म्हणून दर तासाला काचेच्या नळीत थोडा ग्यास घेऊन तो शुद्ध आहे का ते बघायचं.

दिवाळी चार दिवसांवर होती. नळीत प्राणवायू दिसला. पुन्हा घेतला, पुन्हा दिसला. मी खटका ओढून प्लान्ट बंद केला.

साहेब धावत आले. "दिवाळीची ऑर्डर आहे आकाराम, सण होऊ दे, मग उघडून बघू." मी नाही म्हणालो. सगळा प्लान्ट खोलला. पडदा पार धड होता, एक टाका उसवलेला नव्हता. साहेबांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "कुठाय तुझा स्फोट?" लोक हसले. मग ऑर्डर गेली, बोनस कापला आणि टेंपररी माणसं घरी बसली. पुढचं तुला माहीत आहे.

थंडीची गोधडी तू नेली नाहीस. कराडच्या गाडीला कुणी ओळखीचं भेटलं तर पाठवतो.

तुझा,
आकाराम


सांगली
रविवार, ८ डिसेंबर १९७४

सौ. चंद्रास आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. रागात असशील. हे पत्र कृष्णातकडून वाचून घेऊ नकोस, वेळ लागला तरी चालेल, तूच वाच.

गोदामात दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही. डबे मोजायला माणूस येतो, तोही आकडा खडूनं दारावर लिहून जातो. जेवणाच्या सुट्टीत मी बाकावर बसलो की बाक रिकामा होतो. रागावून उठत नाहीत गं, सहज उठल्यासारखं करतात. तेच मनाला जास्त लागतं. घरी आल्यावर आपलाच आवाज ऐकू यावा म्हणून परवा मी मोठ्यानं वर्तमानपत्र वाचलं.

दुसरं एक सांगायचं आहे. लग्नाआधी मी मुंबईला कामाला होतो, तेव्हा खोलीत माणचा लालासाहेब होता. तो तापानं गेला असं मी तुला सांगितलं. ते खरं नाही. आमच्या त्या कारखान्यात ग्यासच्या नळाचा एक जोड सुसू करत होता. पाळी संपल्यावर बघू, असं वरच्यांनी ठरवलं. कशानं तरी तो पेटला. त्या जाळाला रंग नसतो, धूर नसतो, भर उन्हात तो दिसतच नाही. लालासाहेब नुसता तिथून चालत गेला. मी त्या पाळीला नव्हतो. पण माझं गाव त्याच्या गावाजवळचं म्हणून निरोप घेऊन मला पाठवलं.

दहिवडीच्या पलीकडं माळावर त्याची बायको हरणाबाई मेंढरांपाशी होती. ती रडली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सकाळधरनं आवाज येत हुता म्हंतासा. मग बंद का न्हाई केलं?"

मी उन्हात उभा राहिलो. तिनंच मला ताक दिलं.

चंद्रा, त्या दिवशी खटक्यावर हात गेला तेव्हा मला साहेब दिसले नाहीत, ऑर्डरही दिसली नाही. तू डोक्यावर पाटी घेऊन उभी आहेस आणि कुणीतरी कृष्णातचा निरोप घेऊन आलंय, एवढंच दिसलं.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. गेल्या आठवड्यात सयाजीला नळीत पुन्हा तसाच प्राणवायू दिसला. त्यानंही प्लान्ट बंद केला. मग दुसरी नळी आणून तपासलं तर ग्यास शुद्ध. पहिल्या नळीची उघडझाप करायची काचेची चावी झिजली होती आणि तिच्यातून बाहेरची हवा आत शिरत होती. म्हणजे दिवाळीतही तेच झालं असणार. काही नव्हतंच गं. एका गळक्या चावीपायी तुझ्या भावाचं काम गेलं.

साहेबांनी मला बोलावलं. सयाजी होता, फोरमन होता. साहेब रागावले नव्हते, उलट चहा सांगितला. म्हणाले, "आता तरी सगळ्यांसमोर म्हण, बंद केला ते चुकलं. उद्यापासून प्लान्ट तुझा. तुझ्या मेव्हण्यालाही घेतो."

 मला तुझं तोंड आठवलं. 'हो' म्हणणं किती सोपं होतं! मग म्हणालो, "साहेब, चावी झिजलीय हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं, ते चुकलं. पण ते कळलं नव्हतं, तवा बंद केला, ते चुकलं न्हाई. तसं म्हटलं तर उद्या हा सयाजी खटक्याला हात लावायला भिईल."

साहेब म्हणाले, "मग राहा गोदामात."

बाहेर आल्यावर सयाजी माझ्याबरोबर नळापर्यंत आला. म्हणाला, "दादा, पडदा फाटलेला असता तर बरं झालं असतं. निदान लोकांनी तुमास्नी मानलं असतं."

"गप रं," म्हटलं. "असं बोलू नगंस."

आता दोन नळ्या ठेवतात आणि एकीवर दुसरी ताडून बघतात. एवढं झालं. बाकी सगळं आहे तसंच आहे, मीही गोदामातच आहे.

येत्या रविवारी पहिल्या गाडीनं मी कराडला येतो. तुला न्यायला नाही. साहेब कृष्णातला परत घेत होते आणि मी 'हो' म्हणालो नाही, हे त्याला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. मी समोर बसून सांगेन. तो उठून गेला तर जाऊ दे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू आहे, त्याच्यासाठी तिथं शब्द टाकायला मी कुणाच्याही दारात उभा राहीन. तू माझ्याबरोबर परत यायचं का, ते सगळं ऐकून तूच ठरव. नाही आलीस तरी तुला दोष देणार नाही.

त्या दिवशीच्या पाळीतली, कामावर राहिलेली सगळी माणसं रोज संध्याकाळी माझ्या गोदामावरून घरी जातात. कुणी वळून बघत नाही. मी मात्र शेवटचा माणूस फाटकाबाहेर पडेपर्यंत दारात उभा असतो.

तुझाच,
आकाराम