कॉस्लरची निळी पिकअप

३ सप्टेंबर
नेब्रास्कातल्या या गावात येऊन नऊ दिवस झाले आणि आज पहिली चांगली गोष्ट घडली. मी गाडीवाला झालो. घटस्फोटानंतर आईने ओमाहा सोडून इथल्या दवाखान्यात नर्सची नोकरी धरली. मला या उकिरड्यावर आणल्याची भरपाई म्हणून सोळाव्या वाढदिवसाची ही पिकअप. माझ्या दुप्पट वयाची, निळी, एक दार गंजलेलं, समोर एकच लांबलचक सीट. पण माझी आहे. ही वही आता तिच्यातच ठेवणार.
विकणारा म्हातारा एमेट कॉस्लर. किल्ली देताना त्याने सीटवरून एकदा हात फिरवला. म्हणाला, "नीट चालव पोरा. तुझं बघून कुणीतरी शिकत असतं." मी मान डोलावली. म्हाताऱ्यांचा उपदेश फुकट मिळतो, लायकी तेवढीच.

८ सप्टेंबर
समोरून गाडी आली की इथली माणसं स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलतात. एवढीच त्यांची करमणूक. मी उचलत नाही. गंमत म्हणजे, ते माझ्याकडे बघतही नाहीत. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून हसतात. पेट्रोल पंपावरच्या व्हर्नाने आज दोन कॉफ्या आणल्या. मी एकच सांगितली होती. "अरे, मला वाटलं दोघं आहात," म्हणाली आणि चष्मा पुसत बसली. शहरातल्या पोराची फिरकी घ्यायची ही इथली तऱ्हा असावी. विनोदाची उंची गुडघ्याएवढी.

१३ सप्टेंबर
सीटवर माझ्या शेजारी खळगा पडलाय, कुणी बसल्यासारखा. स्प्रिंग गेली असणार. शनिवारी तो खिडकीपाशी होता. आज मधोमध आहे.
व्हर्नाने न विचारता सांगितलं. कॉस्लरचा आर्लो लहानपणापासून इथे बापाशेजारी बसून फिरायचा. सोळावं लागलं की गाडी त्याची होणार होती. चार दिवस आधी तो कोठारात धान्याखाली गाडला जाऊन मेला. गावाचा फार लाडका होता म्हणे. असेल. इथे लाडकं व्हायला नुसते दात दाखवले तरी पुरतं.

१७ सप्टेंबर
आई जेवताना खुशीत होती. व्हर्नाचा फोन आला होता, तुमच्या डेरेकने काल भुशाची सगळी पोती उचलून दिली, किती गुणी पोर. मी? त्या बाईची पोती? काल दुपारी मी तर—
काल दुपारचं काही आठवत नाही. पँटवर भुसा आहे.
आई म्हणाली, "सुधारलास रे इथे येऊन." तिला असं हसताना वर्षभरात बघितलं नव्हतं.

१९ सप्टेंबर
गाडी परत द्यायला गेलो. कॉस्लर खिडकीशी आला आणि माझ्या पलीकडे बघत राहिला. मी म्हटलं, घे तुझं भंगार, पैसेही ठेव.
तो शांतपणे म्हणाला, "त्याला आता छान येते चालवायला. तू जरा सरकून बस." आणि मग, "तुला इथलं कुणीच आवडत नाही ना? मग कशाला जागा अडवून बसतोस?"
मी त्याला वेडा म्हटलं, किल्ली त्याच्या अंगणात फेकली आणि पायी निघालो. भानावर आलो तेव्हा गाडीत होतो. ती चालत होती.

२१ सप्टेंबर
खळगा आता माझ्या खाली आहे. मी उजवीकडे, शेजारच्या जागेवर. स्टिअरिंग डावीकडे, आणि तिथे—
माझा शर्ट. माझे हात. दोन बोटं उचलतोय, प्रत्येकाला. प्रत्येक जण त्यालाच—
दार उघडत नाही.

२२ सप्टेंबर, दुपार
दवाखान्यासमोर थांबलोय. आई बाहेर आली. डाव्या खिडकीतून हात घालून तिने केस विस्कटले. त्याचे. "चल डेरेक, राजा, भूक लागली असेल," म्हणाली. मला कधी अशी—
काच बडवतोय. आवाज होत नाही. लिहितोय, निदान वही दिसेल. आई, मी इकडे आहे. तुला जे जे बोललो ते—
ती वळली. गाडीला वळसा घालून येतेय. माझ्या बाजूला. थेट माझ्याकडे बघ—
नाही. हातात सामानाच्या पिशव्या आहेत. ठेवायला रिकामी जागा बघतेय. दार उघडलं, तिने माझ्यावरच पि—