नळासारखा घट्ट

९ मार्च, मंगळवार, दुपार

प्रिय ठेंगू,

सहा फुटी, साठीला टेकलेल्या माणसाला अशी हाक मारावी का, याचा जरा विचार केला. पण दुसरं काही लिहिलं तर पत्र माझं वाटायचं नाही. तू बरा असशील. मीही बरी आहे. गुडघा जिन्यावर कुरकुरतो, पण क्लचवर अजून निमूट काम करतो.

हो, गाडी मीच चालवते. तुम्हा मेहुण्यांची ती लाडकी गाडी, एरवी घरची आणि वर्षातून दोनदा पाव मैलाच्या शर्यतीची. हे गेल्यावर वर्षभर ती झाकूनच होती. लेक म्हणाली, "आई, विकून टाक गं, नुसती धूळ खातेय." मी म्हटलं, "माझ्या घरात काहीही धूळ खात नाही." आणि किल्ली उचलून सरळ बाजारात जाऊन आले. पण अपघातानंतर ह्यांनी बसवलेले ते साधे शॉकअप आता पार थकलेत. ब्रेक दाबला की गाडी नाक जमिनीला टेकवायला बघते.

म्हणून तीन आठवड्यांपूर्वी दुकानात गेले. "शॉक अ‍ॅब्सॉर्बर" असा स्वच्छ उच्चार केला, तर दुकानदार हसला. शॉकअप म्हणायचं असतं म्हणे. पूर्वी होते तसे, नॉब फिरवून सैल-घट्ट करता येणारे हवेत, म्हटलं.

"रोज चालवायची गाडी आहे ना, मावशी? मग ते कशाला?"

"कधीतरी शर्यतीत पळते."

त्याने मला चष्म्यापासून चपलांपर्यंत पाहून घेतलं आणि स्टूल पुढे केलं. माणूस चांगला. रोजच्या रस्त्याला पुढचे शॉकअप घट्ट हवेत, म्हणजे गाडी डुलत नाही, हे त्याने समजावलं. शर्यतीत उलट. सुटताना नाक चटकन वर उठायला हवं, तरच वजन मागच्या चाकांवर जातं आणि ती रस्ता धरतात. एका नॉबच्या शॉकअपमध्ये उठणं आणि दबणं एकदमच बदलतं, दोन नॉबच्यात वेगवेगळं. मी वहीत सगळं लिहून घेतलं. शाळेची सवय.

मग विचारलं, "घट्ट कुठल्या बाजूला?"

"नळासारखंच, मावशी. उजवीकडे घट्ट. फक्त दोन्ही बाजू सारख्या ठेवा, नॉबचे क्लिक मोजून. एक घट्ट आणि एक सैल राहिला तर गाडी सुटल्या सुटल्या तिरकी जाते."

मी स्टुलावर बसलेलीच होते म्हणून बरं. त्याला वाटलं, मला चक्कर आली. पाणी आणून दिलं बिचाऱ्याने.

फोन का केला नाही, असं मनात येईल तुझ्या. तू उचलला असतास तर मी हवापाण्याच्या गोष्टी केल्या असत्या. कागदावर तसं पळता येत नाही. तरी बघ, दोन पानं मी शॉकअपवरच काढली.

आमच्या शाळेतल्या सिस्टर आठवतात? तू फाटकाशी न्यायला यायचास तेव्हा तुला लिमलेटची गोळी द्यायच्या त्या. हात धुऊन झाले की प्रत्येकीचा नळ स्वतः फिरवून बघायच्या. अर्धवट बंद नळ म्हणजे अर्धवट माणूस, म्हणायच्या. ते माझ्या बोटांत बसलंय. दिसला नळ की शेवटपर्यंत पिळायचा.

अकरा वर्षांपूर्वी, शर्यतीच्या सकाळी, तू नॉब मोजून लावून आंघोळीला गेला होतास. बॉनेट उघडं होतं, पुढच्या शॉकअपचे नॉब वरच दिसत होते. मी पिवळं फडकं घेऊन आतली धूळ पुसत होते. डावीकडचा नॉब मला सैल वाटला. मी तो बंद केला. उजवीकडच्या नॉबकडे वळणार तोच आत दूध उतू गेलं.

हे विसरले नव्हते मी. त्याचा अर्थ माहीत नव्हता, की माहीत करून घ्यायचा नव्हता, ते आता मलाही नीट सांगता येत नाही.

गाडी सुटताच तिरकी होऊन कठड्यावर गेली, ह्यांचा खांदा मोडला, आणि मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले. तू बॉनेटमध्ये वाकून नॉब फिरवत होतास, ओठ हलत होते. "आता काय मोजतोस? आधी मोजायचं होतंस!" तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालास, "हो ताई. चुकलं माझं." बॉनेट लावलंस आणि खिशात काहीतरी कोंबलंस. पिवळं टोक बाहेर राहिलं होतं. ते फडकं मी नंतर घरभर शोधलं, ठेंगू. पुन्हा या गाडीला हात लावायचा नाही, असं तुला बजावून आले होते, आणि फडकं शोधत होते.

हे कायम म्हणायचे, "तो मोजायला चुकत नाही." मी म्हणायचे, तुमचा मेला लाडका. हे गेले त्या दिवशी तू आलास, मागे उभा राहिलास आणि पाणीही न पिता गेलास.

चुकले मी. ओरडण्यात चुकले, आणि त्याआधीही.

दोन नॉबवालेच घेतलेत. रोजची गाडी रोजची राहील आणि त्या दिवसापुरतं नाक उचलेल. चार खोके जेवणघरात खिडकीखाली ठेवलेत, चिकटपट्टीसकट. दुकानदार बसवून देत होता, मी नको म्हटलं. बसवणारा माणूस घरचा आहे, म्हटलं. खोटं पाडू नकोस मला. ती एकदा सरळ पळताना बघायचीय, तुझ्या हातून.

ये. क्लिक तू मोज, मी मध्ये बोलणार नाही. सिस्टर शिक्षा करायच्या तशी भिंतीपाशी उभी राहीन. आणि फडकं टाकून दिलं नसशील, तर घेऊन ये.

तुझीच,
हात मागे बांधून,
ताई