हैदरभाईंचं गाव तुर्तुक

२२ जून २०२५

नवरा गेल्यानंतरची इद्दत संपून पाच दिवस झाले. चार महिने दहा दिवस इथे आखातात, अल मुंतझाच्या या फ्लॅटमध्ये बसून काढले. आज नाश्त्याला सांगून टाकलं — मला तुर्तुकला जायचंय.

हारिसने चहा खाली ठेवला. "कुठे?"

लडाखमध्ये, म्हटलं. पार टोकाला, पाकिस्तानच्या हद्दीजवळ. हैदरभाईंचं गाव.

सून रिदा म्हणाली, "अम्मी, त्यापेक्षा मक्केला जाऊन उमरा करू या ना."

उमराही करू. आधी हे.

२३ जून

कारण एकच आहे आणि ते घरात सगळ्यांना माहीत आहे. मन्सूर गेला तेव्हा हॉस्पिटलात त्याच्याजवळ हैदरभाई होते, मी नव्हते. चौदा वर्षं दोघं एकाच क्रेनवर. मन्सूर वर, हैदरभाई खाली खुणा करायला. नंतर ते दोनदा इथे दारात आले. इद्दतीत परपुरुषाला भेटायचं नाही, म्हणून दारातूनच परत पाठवले गेले. मी आतल्या खोलीत बसून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकला. पडद्याआडून बोलायला हरकत नव्हती, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. तेव्हा कुणी सांगितलं नाही. मग त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, कायमचे गावी गेले.

मन्सूर शेवटी काय बोलला ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. एवढंच.

२५ जून

नणंद अनीसाचा चिपळूणहून फोन. "भाभी, इद्दत सुटली की बाया माहेरी जातात. तू बर्फात चाललीस?"

गावात जुलैमध्ये बर्फ नसतो, म्हटलं.

"आणि खाणार काय?"

कुट्टूची भाकरी, जर्दाळू, लोण्याचा खारट चहा. सगळं वाचलंय. लोक मुसलमान, पण बोली बल्टी, म्हणजे जुन्या तिबेटीची बहीण. एके काळी लिहायचेही तिबेटी अक्षरांत. १९७१च्या लढाईपर्यंत गाव पाकिस्तानात होतं, मग भारतात आलं. भाऊ तिकडे राहिला, बहीण इकडे. तिलाही शेवटचं काही ऐकायला मिळालं नसेल.

अनीसाने सगळं ऐकून घेतलं. "चौथी शिकलेली होतीस तेव्हा बरी होतीस," म्हणाली.

२८ जून

डॉक्टरकडे. हारिस मोठ्या आशेने घेऊन गेला. डॉक्टरीण म्हणाली, प्रेशरची गोळी चुकवू नका, लेहला तीन दिवस नुसत्या पडून राहा, मगच खार्दुंगला खिंड ओलांडा. बाकी जा खुशाल.

आई धडधाकट निघाली म्हणून तोंड पाडणारा मुलगा मी पहिल्यांदा पाहिला.

३० जून

हारिसचा ऑक्सिजनचा मुद्दा संपला. आता दरडी. दरडींचं झालं की परमिट. परमिटचा फॉर्म मी स्वतः भरला, एका बोटाने, पाऊण तास बसून. येण्याचं कारण निवडायचं होतं. माझं कारण यादीत नव्हतं. पर्यटन टाकलं.

४ जुलै

"अम्मी, तिथे धड नेटवर्क नसतं."

म्हणूनच जावं लागतंय, बाबा.

७ जुलै

तिकीट काढलं. सोळा तारखेचं. रिदाने काढून दिलं, हारिसने नाही.

रोज जिना चढते, पाच मजले, दोनदा. हे शहर पोळपाटासारखं सपाट, दुसरा चढ आणू कुठून? वॉचमन रोज विचारतो, "लिफ्ट खराब है, अम्मा?" रोज सांगते, नाही. उद्या पुन्हा विचारणार.

हारिस खाली गाडीशी उभा राहून बघत असतो. आधी भांडायचा तरी. आता हैदरभाईंचं नाव काढलं की उठून जातो. मला वीट आला आहे. बापाचा जिवाभावाचा माणूस, त्याच्याशी या पोराचं काय वाकडं?

१० जुलै

सकाळी हैदरभाईंचा फोन लागला. वीस दिवसांत पहिल्यांदा. "या भाभी, जर्दाळू पिकलेत. घर तुमचंच." मी म्हटलं, मला त्या दिवसाचं विचारायचंय. मग म्हणाले, "मी फोन केला होता ना तेव्हा. हारिसने नाही सांगितलं?"

लाइन गेली. नंतर दिवसभर लागली नाही.

कसला फोन?

११ जुलै

जुम्म्याच्या नमाजनंतर हारिसला समोर बसवलं. सांगितलं त्याने. ९ फेब्रुवारीला दुपारी हैदरभाईंचा फोन त्याला आला होता — मन्सूरभाई भाभींना बोलवतायत, घेऊन ये. मी दोन दिवसांची जागी, नुकतीच घरी येऊन पडले होते. तासभर झोपू दे, मग नेऊ, असं त्याला वाटलं. मन्सूर त्या तासात गेला. मला सांगितलं, झोपेत गेले.

दारातून हैदरभाईंना परत पाठवणाराही तोच.

"काय सांगायचं होतं त्यांना?" विचारलं.

"माहीत नाही, अम्मी. मी हैदरचाचांना विचारलंच नाही. हिंमत झाली नाही."

मग म्हटलं, सोळा तारखेचं अजून एक तिकीट काढ. तुझं.