गाडी उजवीकडे कलते

७ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. प्रयोग करायचा तर नोंदी हव्यात. मी बी.एस्सी. फिजिक्स, घरातली पहिली ग्रॅज्युएट. मला नोंदी जमल्या नाहीत तर कुणाला जमणार?

प्रश्न असा. आई गाडीत बसत नाही. नोव्हेंबरात आप्पा गेले, तेव्हापासून एकदाही नाही. पैठणहून सरू मावशी सारखी फोन करते, चार दिवस ये म्हणते. आई "येते की" म्हणते आणि जात नाही.

आज वैजापूरहून पुंजाराम काका आले. म्हणाले, गाडी नुसती दारात सडतीय, गिऱ्हाईक हाय, देऊन टाकू. मी म्हटलं, विकायची नाही. म्हणाले, बसतं कोण तिच्यात? मी म्हटलं, आई बसेल. पाडव्यापर्यंत आई या गाडीतून पैठणला गेली नाही तर खुशाल विका. काकांनी आईकडे बघितलं. आई डाळ निवडत होती. तिने वर बघितलं नाही.

संध्याकाळी तिला सरळ विचारलं, का बसत नाहीस? म्हणाली, "लई हादरते गं ती."

झालं. निदान मिळालं. प्रश्न तांत्रिक आहे.

नियम पहिला: भावनेत शिरायचं नाही.

१० जानेवारी
गाडीची पाहणी केली. वय माझ्यापेक्षा थोडं कमी. सायलेन्सर गंजलेला. इंजिन थरथरतं. शॉकअप गेलेले. ड्रायव्हरच्या सीटला मोठा खड्डा, कारण आप्पा शंभर किलोच्या वर होते. मी उशी घेऊन बसते.

हॉस्पिटलमधून घरी गाडी मीच आणली होती. आई आणि आप्पा ॲम्ब्युलन्समध्ये होते. क्लच जड लागला, एवढंच लक्षात आहे. क्लचही बघून घ्यावा.

१४ जानेवारी, रविवार
'टॉर्क मंडळ' या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सामील झाले. शहरातले गाडीवेडे लोक. रविवारी सकाळी दौलताबादच्या रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी जमतात, बॉनेट उघडतात आणि आत बघत उभे राहतात. मी एकटीच मुलगी. त्यांना दिशा देण्याची गरज आहे हे पाहताक्षणी कळलं. 'ध्वनिप्रदूषण आणि आपण' असं छोटं भाषण लिहून नेलं होतं. सुरुवात केली तेवढ्यात बद्रीनाथने त्याची गाडी रेस केली. पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही.

बद्रीनाथ मंडळाचा अध्यक्ष. स्वतःच झाला असावा. त्याची गाडी इतकी खाली आहे की टपरीपुढच्या स्पीडब्रेकरवर ती चढवायला आधी चौघे खाली उतरतात. म्हणाला, "मॅडम, कम्फर्ट पायजे तर टेम्पो घ्या. ही कार हाय."

मग माझ्या गाडीभोवती सगळे फिरले. बद्री लांब जाऊन एक डोळा मिटून म्हणाला, गाडी उजवीकडे कललीय, ड्रायव्हर साइडचे स्प्रिंग बसलेत. चालवत कोण होतं, पैलवान का? मी म्हटलं, वडील. एकजण हसला. मग बद्रीने सगळ्यांसाठी चहा सांगितला.

नोंद: उजवी बाजू दोन बोटं खाली.

२१ जानेवारी, रविवार
सस्पेन्शन, इंजिन की एक्झॉस्ट, आधी काय, यावर मंडळात सकाळभर चर्चा. तिघांची चार मतं. शेवटी एक्झॉस्ट ठरलं, कारण बद्रीकडे एक रेसिंगचा सायलेन्सर, त्याच्या भाषेत मफलर, पडून होता. बद्री म्हणाला, "मॅडम, जुना सायलेन्सर म्हंजे नाक बंद करून पळायचं. हा लावा, गाडी श्वास घेईल. आवाज? नावाला." मला हा युक्तिवाद पटला. मंडळातल्या सगळ्यांनी माझं म्हणणंही शांतपणे ऐकून घेतलं. नंतर बद्रीच्या गाडीचा व्हिडिओ काढायला फोन माझ्या हातात दिला. तांत्रिक जबाबदारी हळूहळू माझ्याकडे येत आहे.

२६ जानेवारी
छावणीत रामकिसनच्या गॅरेजमध्ये मफलर बसवला. गल्लीत शिरले तर शेजारच्या आशाबाईंची म्हैस दावं तोडून गेली. दारात गाडी बंद केली. आतून आईचा आवाज आला, "कोण आलं गं?"

एरवी कधी विचारत नाही. आप्पा कोपऱ्यावर वळले की ती चहा टाकायची. म्हणजे आवाजातला फरक तिला नक्की जाणवला.

बस म्हटलं तर म्हणाली, आज गुडघा दुखतोय.

६ फेब्रुवारी
क्रांती चौकात हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली. मी त्यांना डेसिबल म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं. ते सगळं त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "ताई, तुमचं सगळं बरोबर हाय. पण आवाज तुमच्याच गाडीचा येतोय." आणि पावती फाडली.

त्या माणसाला विषयात रस होता. भाषण वाया गेलं नाही.

८ फेब्रुवारी
साधा नवा सायलेन्सर बसवला. मफलर बद्रीला परत. त्याने तो छातीशी धरून नेला.

१८ फेब्रुवारी, रविवार
आता इंजिन. थरथर माउंटिंगमुळे होती, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यांच्यामुळे. नवीन बसवले. त्याबरोबर बद्रीच्या आग्रहाने शंकूसारखा एअर फिल्टरही. गाडी चढावर फुस्स-फुस्स करते. रामकिसन म्हणाला, "दमा झाल्यासारखं करतीय." बद्री म्हणाला, ते पॉवर हाय. दोघांचं भांडण जुंपलं. मी मध्ये पडून दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि जुना फिल्टर परत बसवायला सांगितला. निर्णय घ्यायला कुणीतरी लागतं.

बाकी थरथर पूर्ण गेली. आईला सांगितलं. म्हणाली, "बरं झालं." बसली नाही. आज म्हणे उपास.

३ मार्च, रविवार
शास्त्रात आधी दुसऱ्यावर चाचणी घेतात. म्हणून आशाबाईंना बसवून वाळूजपर्यंत नेऊन आणलं. म्हैस सापडल्यामुळे त्या माझ्याशी पुन्हा बोलायला लागल्या आहेत. त्यांच्या तक्रारी:

धक्के फार नाहीत. पण "सारखी तुझ्याकडं घसरतीय मी. ही गाडी मला तुझ्या मांडीवर बसवल्याशिवाय राहत नाय."

येताना म्हणाल्या, उमे, तू अजून रडली नाहीस म्हणे. मी म्हटलं, काम चालू आहे. म्हणाल्या, कसलं काम? मी म्हटलं, सस्पेन्शन राहिलंय.

मूळ दोष सापडला. कल. आईला बसल्यावर सुरक्षित वाटत नसणार. आधीच कळायला हवं होतं.

१० मार्च, रविवार
चारी शॉकअप, चारी स्प्रिंग नवे घ्यायचे ठरवलं. मी घेते त्या शिकवणीचे साठलेले सगळे पैसे यात जातील. जाऊ देत. मावशीला फोन करून सांगितलं, पुढच्या आठवड्यात आई येतेय, नक्की. मावशी म्हणाली, तिच्याशी बोलू दे. आई म्हणाली, झोपलीय म्हणून सांग.

१७ मार्च, रविवार
झालं!

रामकिसनने जुने स्प्रिंग काढून कोपऱ्यातल्या ढिगावर टाकले. उजवीकडचे खरंच आखूड झाले होते. दाबून दाबून. मी हातात घेऊन बघितले. जड होते. ठेवून दिले.

गाडी खाली घेतल्यावर टपावर पाण्याचा ग्लास ठेवला. बद्री म्हणाला, "हे काय मॅडम, नैवेद्य का?" पण पाणी काठाला सगळीकडून सारखं होतं. बद्रीने लांब जाऊन एक डोळा मिटला आणि म्हणाला, मानलं. मंडळाच्या गाड्यांत एवढी सरळ गाडी दुसरी नाही. टाळ्या वाजवल्या त्यांनी.

उद्या पैठण.

१८ मार्च
आईला हाक मारली. चपला घालून आली! पिशवीही घेतली होती. पायरीवर उभी राहिली आणि समोरून गाडीकडे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाली, "ही अशी का उभी हाय?"

मी सगळं समजावलं. स्प्रिंग, भार, कल. ती म्हणाली, "मी सारखी यांच्याकडं घसरायची. मी दाराला धरून बसायची तर हे म्हणायचे, सोड की ते दार, ये इकडं, आपलीच गाडी हाय."

हसली थोडी. मग पिशवी आत ठेवली. चपला काढल्या. डाळ निवडायला बसली.

मी गाडी झाकून ठेवली. धूळ बसू नये म्हणून.

१९ मार्च
सकाळीच छावणीत. कोपरा रिकामा होता. रामकिसन म्हणाला, भंगार कालच उचललं. कशाला पायजे होते? मी म्हटलं, अभ्यासासाठी. भंगारवाल्याकडे गेले. तिथे स्प्रिंगचा डोंगर होता. आमचे कुठले ते ओळखता आले नाहीत. पुष्कळ लोकांच्या गाड्या कलतात असं दिसतं.

आज शिकवणीच्या मुलांना गुरुत्वमध्य शिकवायचा होता, विसरले.

२४ मार्च, रविवार
मंडळात गेले नाही. बद्रीचा मेसेज: मॅडम कुठं हाय, व्हिडिओ कोण काढणार?

एक उपाय सुचला. ड्रायव्हरच्या सीटखाली वाळूची पोती. आईला विचारायचं धाडस झालं नाही. तो धाडसाचा प्रश्न नव्हे, तांत्रिक अडचण आहे. सीटखाली जागा नाही.

९ एप्रिल, पाडवा
काका गिऱ्हाईक घेऊन आले. त्यांना बघितलं आणि आई आपणहून चहा टाकायला गेली. गिऱ्हाइकाने गाडी चालवून बघितली. उतरल्यावर खूश. काकांना म्हणाला, "एक नंबर ठेवलीय. आवाज नाय, हादरा नाय. आणि सरळ बघा कशी उभी हाय. मालक लई हलका माणूस असणार."

काकांनी उपरणं झटकलं.

गाडी निघाली. कोपऱ्यावर वळताना माझी उशी त्यातच राहिली हे लक्षात आलं. हाक मारली नाही.

१४ एप्रिल, रविवार
काल रात्री आई म्हणाली, सकाळच्या एसटीने जाऊ सरूकडं. मी म्हटलं, एसटी फार हादरते. म्हणाली, हादरू दे.

डावीकडचा दोघांचा बाक मिळाला, नेमका मागच्या चाकावर. आई खिडकीशी. सस्पेन्शन नावाची गोष्ट या गाडीत नाही. काचा खडखडतात, इंजिन गुरगुरतं, सायलेन्सरला भोक आहे. मी मनात दोषांच्या नोंदी करत होते. चितेगावपर्यंत पुष्कळ झाल्या.

बिडकीन यायच्या आधी आईला झोप लागली. एवढ्या धक्क्यांत. आधी खिडकीच्या गजाला धरून बसली होती. मग हात सुटला आणि ती उजवीकडे कलली, माझ्यावर. मी बारीक, खांदा हाडाचा, म्हणून तिचं डोकं सरकायला लागलं. मी थोडी खाली सरकून बसले. मग राहिलं.

कंडक्टर आला. एका हाताने पैसे देता येईनात. म्हणाला, राहू द्या, उतरताना द्या.

पैठणपर्यंत हलले नाही. खांदा पार बधिर झाला. स्टँडवर आई उठली, पदर सारखा केला आणि खाली उतरून मावशीला शोधायला लागली. मी बाकावरच बसून होते. हाताला मुंग्या आल्या होत्या, आणि मग दुखायला लागलं.