बंद आणि थांबली

मिस्त्री,

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी वरसे गावातल्या माझ्या शेडमध्ये सागाची पहिली पट्टी कापली. पुढचं सगळं चार-पाच सेकंदांचं आहे. आता दुपारचा दीड वाजलाय, तरी अक्षर सरळ येत नाही. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कुणाला सांगू ते कळत नाही.

माझ्याकडे आता दोन कामांची मशीन आहे. वर टेबल, त्यावर फळी सरकवून उभी चिरायची. खालीही तेच पातं, मूठ धरून दाबलं की पट्टी आडवी किंवा तिरकी कापतं. तुम्ही बघितली असती तर म्हणाला असता, "मांडूळ आणलास की रं घरात, दोन्हीकडून तोंड!" म्हणून मी फार जपतो. स्टँड लादीला चार बोल्टांनी आवळलाय. वर चिरताना मशीनचं डोकं खाली दाबून पिनने अडकवायचं, खालचं पातं झाकायचं, फळी हाताने नाही तर दांडीने ढकलायची. खाली कापताना वरचं पातं झाकायचं आणि पट्टी शिकंज्यात आवळायची. एका कामावरून दुसऱ्यावर जाताना आधी प्लग काढायचा. हे सगळं मी भिंतीवर लिहून लावलंय, त्यात एक वेलांटी चुकलेली नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुमचे नियम तोंडी होते, आणि त्यातला एक मी भिंतीवर लिहिला नाही, कारण मला तो भाषेच्या दृष्टीने चुकीचा वाटायचा.

तुमचं पेणचं वर्कशॉप आठवतं. मी दहावीत गणितात गेलेला, पावत्यांवरचं शुद्धलेखन सुधारतो म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. हमरापूरचा एक मूर्तीवाला पाट न्यायला आलाय. मी बटण दाबून मशीन बंद करतो आणि अडकलेली ढलपी काढायला हात घालतो. तुम्ही तो हात मागे ओढता आणि दुसऱ्या हाताने माझ्या थोबाडीत देता. "बंद झाली. थांबली नाय." मी गाल धरून म्हणतो, "मिस्त्री, बंद म्हणजे थांबलीच ना?" तुम्ही म्हणता, "तुझ्या पुस्तकात असंल. पात्याला पुस्तक कोण वाचून दाखवणार?" मूर्तीवाला हसतो, "मास्तरच्या गालाला रंग चढला. आता डोळे आखायचे तेवढे राहिले!" त्या हसण्याचा मला इतका राग आला की महिन्याभरात मी पेण सोडलं. तुमच्या दहाव्यालाही आलो नाही.

काल मशीनची पूजा केली. आई म्हणाली, कुंकू पत्र्याला नको, पात्यालाच लावायचं, दात पोट भरतात आपलं. पात्याला लावायचं तर खालच्या पात्यावरचा गार्ड, म्हणजे त्याचं झाकण, उचलून धरावा लागतो, आणि हात सोडला की तो आपोआप पात्यावर येतो. म्हणून मी तो वर घेतला आणि पूजेच्या लाल नाड्याने मुठीला बांधला. आईने कुंकू लावलं, मी झेंडूची माळ घातली. आज सकाळी माळ काढली तेव्हा नाडा तिथेच होता. मी बघितला. पण पूजेचा दोरा आपल्यात कापत नाहीत, आपोआप तुटेपर्यंत राहू देतात. मी त्याला हात लावला नाही.

पट्टी कापली, बटण सोडलं, डोकं वर गेलं. गार्ड आला नाही. आई निर्माल्याची पिशवी घेऊन बाजूला उभी होती. पात्याजवळ झेंडूचं एक फूल पडलेलं. ती म्हणाली, "बंद केलीस ना रं?"

मी पट्टीचं माप बघत होतो. म्हणालो, "हो, बंद."

तिचा हात फुलाकडे गेला. आवाज उतरला होता, पण पातं फिरत होतं, फिरताना ते उघडं पातं नुसतं धुकं दिसतं. मी तिचं मनगट धरून एवढ्या जोरात ओढलं की ती भुशात पडली आणि बांगड्या माझ्या मुठीत फुटल्या. तिच्या हातातून रक्त आलं. मी पाचही बोटं मोजली. परत मोजली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मारलंस काय रं मला?"

पातं तोवर थांबलं होतं.

रक्त काचांचंच होतं. पट्टी बांधून झाल्यावर तिलाच सगळं उमगलं, म्हणजे तिला वाटलं की उमगलं. शेजारची काकू आली तेव्हा तिला सांगत होती, "माझीच चूक गो. कुंकवाचा हट्ट मी धरला, नि चालत्या मशीनीत हात पण मीच घातला. पोर होता म्हणून वाचले." काकूने मला शाबासकी दिली. मी मान हलवली. नंतर प्लग काढला, तो डोळ्यांसमोर टेबलावर ठेवला आणि कात्रीने नाडा कापला. आईने बघितलं.

मिस्त्री, तुम्ही मारलंत तेव्हा तुम्हीही आधी माझी बोटं मोजली असतील, हे मला आज पहिल्यांदा सुचलं.

भिंतीवरच्या कागदाला मी आता एक ओळ जोडली आहे. बंद झाली म्हणजे थांबली नाही. शुद्धलेखन तपासलं, बरोबर आहे.

मघाशी जवळच्या अष्टमी गावातल्या दुकानातून तिला बांगड्या भरून आणल्या. डझनाचे साठ रुपये. मी पैसे काढले तर तिने माझा हात बाजूला केला. "माझ्या चुकीचं तू कशाला भरतोस?" आणि कमरेच्या पिशवीतून स्वतः दिले. मी देऊ दिले. आता ती दारातून विचारतेय, काय लिहितोस एवढं. मी म्हणालो, पाटांची मापं.

खर्च, मलमपट्टी, चाळीस रुपये, माझे. बांगड्या, साठ रुपये, आईचे. ते मी तिला देणं लागतो.