चिंचेचा तिसरा कोळ

ती. आत्याबाई,

तुमच्या भावाच्या, म्हणजे आपल्या मामांच्या विहिरीचा अहवाल आज पुन्हा माझ्या टेबलावर आहे. खाली माझी सही हवी आहे. तीन वर्षांपूर्वी याच विहिरीबद्दल मी तुमच्याशी खोटे बोलले होते. ते सांगितल्याशिवाय पेनाचे टोपण काढवत नाही. तुम्ही गेल्याला आठ महिने झाले. उशीर झाला, हे कळते मला.

घरात तुम्ही तंजावुरी मराठी बोलत होता, पण तुम्हाला देवनागरी वाचता येत नसे. लग्न होऊन मी सोलापूरहून तंजावूरला आले, तेव्हा माझी पत्रे बघून तुम्ही म्हणाला होता, "हे काय, दोरीवर वाळत घातलेले अक्षर?" तरी त्याच अक्षरांत लिहिते आहे. तमिळमध्ये माझ्या चुका फार होतात, आणि आजच्या पत्राला एक चूक पुरेशी आहे.

माझे काम काय, हे मी तुम्हाला कधी धड सांगितले का? नाही. म्हणून तुम्ही शेजारणींना सांगत असा, "आमची सून पाणी उकळून पगार घेते." मला राग यायचा. मग एकदा बसवून समजवायचे, तेही मी केले नाही.

आता ऐका. भातावर फवारलेले औषध विहिरीत उतरते, पण इतके थोडे की यंत्राला ते दिसत नाही. म्हणून लिटरभर पाण्यात हेक्झेन घालून जोराने हलवायचे. हा पेट्रोलसारखा द्रव आहे, पाण्यात मिसळत नाही. औषध पाणी सोडून त्याच्यात जाते. मग तो द्रव वेगळा काढून आटवायचा. लिटरभरात विखुरलेले औषध चमचाभरात गोळा होते, आणि ते यंत्राला द्यायचे.

त्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत परदेशी यंत्र आले. पूर्वी परवान्यातच वर्षे जात. आता मागवले आणि पेटी दारात. आम्ही सगळेच भुललो. एवढ्या तीक्ष्ण यंत्राला एवढी मेहनत कशाला? हेक्झेन तीन वेळा थोडा थोडा घालायचा, तो मी एकदम ओतून एकदाच हलवू लागले. आटवतानाही भांडे पार कोरडे करू लागले. दिवसाला दुप्पट नमुने होत. मामांच्या पाण्यावर मी लिहिले, "आढळले नाही." मामांचा नातू तेव्हा रांगत होता. माझ्या सहीवर विसंबून ते घर चार महिने निर्धास्तपणे ते पाणी प्यायले.

मग तो रविवार आला. मी साराला चिंच कोळत होते. वाटीभर पाणी घातले, एकदा पिळली, चोथा टाकला. तुम्ही तो उचललात, दोन चमचे पाणी घालून पिळलात आणि वाटी माझ्यापुढे धरलीत.

"चाख."

चाखले. चांगले आंबट होते.

"हे कोठे चालले होते?"

"आत्याबाई, मला घाई आहे."

"घाई तुज आहे. चिंचेस नाही."

तुम्ही तिसऱ्यांदा पिळलीत. मग वाटी चमचाभर पाण्याने विसळून तेही सारात ओतलेत. "चिकटले तेही आपलेच." सार खळखळा उकळू लागले, तशी पुन्हा बोलणी. "फेस आला की उतरव. वास घरभर झाला म्हणजे चव भांड्यात राहिली नाही."

त्या दिवशी सार मला गोड लागले नाही. हे सगळे माझ्या पुस्तकात होते, आत्याबाई. एकदम घातलेल्या द्रवापेक्षा तेवढाच द्रव तीनदा थोडा थोडा घातला तर जास्त हाती येते, याचे गणित सोडवून मी परीक्षेत पैकीच्या पैकी गुण घेतले होते. कोरडे केले की औषधही वाफेबरोबर उडते, हे मी नव्या मुलींना शिकवत होते. तुम्ही चोथा पिळून दाखवेपर्यंत त्यातले काही आठवू नये?

सोमवारी मी स्वच्छ पाण्यात मोजून औषध घातले आणि दोन्ही रीतींनी काढून पाहिले. माझ्या घाईच्या रीतीने अर्धेही परत आले नाही. तीनदा काढून, भांडे विसळून, तळाशी थोडे राखून आटवले, तेव्हा जवळजवळ सगळे आले. मामांकडून पाणी पुन्हा मागवले. त्यात औषध होते. अहवाल मागे घेतला, मामांना नळाचे पाणी प्यायला सांगितले. घरी येऊन तुम्हाला म्हणाले, "यंत्रात दोष होता."

तुम्ही काय म्हणालात, आठवते? "बिचारे यंत्र. त्यास तोंड नाही." आणि मला जेवायला वाढलेत. तुम्हाला सगळे कळले होते ना? मग दोन शब्द बोलला का नाहीत? एरवी तर कोथिंबीर कशी निवडली यावरूनही बोलत होता. त्या दिवशी रागावला असता, तर हे पत्र लिहावे लागले नसते.

पण तुमचे उपकार विसरले नाही. प्रयोगशाळेच्या भिंतीवर आता तीन ओळी आहेत: तीनदा काढा, भांडे विसळा, कोरडे करू नका. मुलींना वाटते, त्या मॅडमच्या आहेत. उद्या त्यांना सांगेन, कोणाच्या ते.

मामांनी विहीर उपसली, शेजारच्या खाचरात फवारणी बंद केली. काल मामांच्या गावाहून, पापनाशमच्या बसने, त्या विहिरीचे पाणी आले. ते मी स्वतः तीनदा काढले. मोजून औषध घातलेले पाणीही बरोबर ठेवले. त्यातले औषध हाती आले, विहिरीच्या पाण्यात मिळाले नाही. तेच शब्द पुन्हा लिहिले आहेत: "आढळले नाही." या वेळी ते खरे आहेत.

रविवारी अहवाल घेऊन मी स्वतः मामांकडे जाईन. कागद हातात देण्याआधी सांगेन, "मामा, तेव्हा यंत्र चांगले होते. घाई माझी होती." मग त्यांना माझ्या सहीवर विश्वास ठेवायचा की नाही, ते त्यांनी ठरवावे.

सही आता करते.

तुमची सून,
सुमित्रा